देवाच्या प्रतिरूपाचा माणूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलच्या वर्गात लोक मला ज्या वाक्यावर सर्वांत जास्त वेळा थांबवतात ते हे : ‘देवाने आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण केला.’ खालचे प्रश्न तिथलेच, जसे येतात तसे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली, काही दोन-चार ओळींत आटोपली. ज्याला त्याला जेवढं लागलं तेवढं.

हे वाक्य बायबलमध्ये नेमकं कुठे आहे?

पहिल्याच पानावर, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, १:२६-२७ मध्ये (पहिला अध्याय, २६ व २७ वी वचनं). सृष्टीचा सहावा दिवस, जनावरं करून झाली आहेत. याआधी देव ‘होवो’ म्हणतो आणि होतं; माणसाच्या वेळी मात्र आधी ‘करू’ असं बोलून दाखवतो. नंतर उत्पत्ती ५ मध्ये वंशावळीच्या सुरुवातीला आणि ९:६ मध्ये, जलप्रलय ओसरल्यावर नोहाशी बोलताना, हा उल्लेख पुन्हा येतो. हिब्रू भाषेतल्या सगळ्या जुन्या करारात एवढंच. आठवं स्तोत्र याच विचारावर उभं आहे, पण शब्द वापरत नाही. नव्या करारात पौलाच्या आणि याकोबाच्या पत्रांत तो परत भेटतो.

एवढा मोठा सिद्धांत आणि आधाराला इतक्या थोड्या ओळी, याचं नव्या माणसाला आश्चर्य वाटतं. मला त्याहून मोठं आश्चर्य वाटतं ते वेगळंच. या ओळी प्रतिरूपाची व्याख्या कुठेच करत नाहीत. काय करायचं नाही, ते मात्र स्पष्ट सांगतात. उत्पत्ती ९:६ म्हणतं, माणसाचं रक्त सांडू नका, कारण तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे. याकोब ३:९ म्हणतो, ज्या जिभेनं देवाला धन्यवाद देता तिनंच देवासारख्या घडवलेल्या माणसांना शिव्याशाप कसे देता? ‘माझ्यात असं काय खास आहे?’ असं विचारत आलेल्याला शास्त्र, म्हणजे बायबल, समोरच्या माणसाकडे बघायला लावतं.

‘प्रतिरूप’ हा शब्द मुळात काय आहे?

हिब्रूत दोन शब्द आहेत. ‘त्सेलेम’, ज्याला आपण प्रतिरूप म्हणतो, आणि ‘दमूत’, म्हणजे सादृश्य, सारखेपणा.

त्सेलेम हा काही सोवळ्यातला शब्द नव्हे. त्याचा रोजचा अर्थ पुतळा, मूर्ती. इस्राएल लोकांना ज्या ओतीव मूर्ती फोडायला सांगितलं त्यांना हाच शब्द आहे. १ शमुवेल ६ मध्ये पलिष्टी लोक उंदरांच्या सोन्याच्या प्रतिमा करतात, तिथेही हाच. दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर साठ हात उंच सोन्याचा पुतळा उभारतो, त्यालाही अरामी भाषेत हाच शब्द.

आता त्या काळच्या जगात देवाची मूर्ती कशासाठी असायची? देव इथे हजर आहे, हे दाखवण्यासाठी. राजाचा पुतळाही त्याच कारणासाठी : राजा स्वतः येऊ शकत नाही अशा प्रांतात तो उभा केला की सत्ता कोणाची ते कळायचं. १९७९ मध्ये सीरियात तेल फखेरिया इथे एका स्थानिक राजाचा दगडी पुतळा सापडला. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. त्यावर अश्शूरी आणि अरामी अशा दोन भाषांत लेख कोरला आहे, आणि अरामी मजकुरात त्या पुतळ्यासाठी जे दोन शब्द आले आहेत ते आपल्या त्सेलेम-दमूतचेच सख्खे भाऊ. इजिप्तमध्ये तर राजालाच देवाची प्रतिमा म्हणत. तुतनखामून या नावाचा अर्थच ‘आमोनची जिवंत प्रतिमा’.

म्हणजे हा शब्द राजवाड्यातला. उत्पत्तीच्या लेखकानं तो उचलून सरसकट ‘मनुष्य’ या जातीला लावला. बाबेलच्या सृष्टिकथेत देवांच्या अंगावरचं कष्टाचं काम जावं म्हणून माणूस घडवला जातो, तोही हरलेल्या बंडखोर दैवताच्या रक्तातून. तिच्याशेजारी हे वाक्य ठेवून वाचलं की त्यातला धीटपणा दिसतो.

मूर्ती करू नका अशी आज्ञा आहे, मग देवानं स्वतःच प्रतिमा कशी केली?

दहा आज्ञांत मूर्तीसाठी वेगळा शब्द आहे, पण नुसत्या शब्दावर निसटून जायला नको. प्रश्न रास्त आहे. अनेक अभ्यासक उत्तर असं देतात : देवाची प्रतिमा या जगात आधीच आहे, हाडामांसाची, चालती-बोलती. म्हणून लाकडा-दगडाची दुसरी नको.

मग देवाला नाक-डोळे आहेत का?

एका मुलानं हात वर करून विचारलं होतं, ‘टीचर, देवाला बेंबी आहे का?’ वर्ग हसला. पण त्या पोरानं विचारलं ते चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासीही विचारत होते, आणि त्यांच्यात त्यावरून हाणामारीची वेळ आली होती. ३९९ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस यानं पत्र काढून देवाला मानवी देह नाही असं बजावलं. कासियन नावाच्या लेखकानं त्या वेळची एक आठवण लिहून ठेवली आहे. सेरापियन नावाचा वृद्ध संन्यासी समजावल्यावर मान्य करतो, प्रार्थनेला उभा राहतो आणि एकाएकी रडू लागतो : माझा देव माझ्यापासून नेला हो, आता मी कोणाला धरू?

मुख्य परंपरेचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. योहान ४:२४ म्हणतं, देव आत्मा आहे. (लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन लोक, पित्याला देह आहे असं मानतात, पण ती शिकवण इतर मंडळ्या, म्हणजे चर्च, स्वीकारत नाहीत.) तरी म्हाताऱ्या सेरापियनचे अश्रू मला पोकळ वाटत नाहीत. देह बाजूला काढून प्रतिरूप फक्त आत्म्यात कोंबलं की शरीर म्हणजे नुसतं टरफल होतं, आणि टरफलाशी माणूस कसाही वागतो. हिब्रू लेखकानं असे दोन तुकडे केलेले नाहीत. तो ‘मनुष्य’ म्हणतो, अख्खा.

ज्यू परंपरेत हिल्लेल गुरुजींची एक गोष्ट आहे. ते स्नानाला निघाले. शिष्यांनी विचारलं, कुठे? म्हणाले, धर्मकृत्य करायला. राजाचे पुतळे घासूनपुसून ठेवणाऱ्याला मान मिळतो, मग मी तर देवाच्या प्रतिरूपाचा.

‘आपण करू’ म्हणतो, म्हणजे देव कोणाशी बोलतोय?

इथे मराठी वाचकाला एक गंमत जास्त दिसते आणि एक दिसतच नाही.

दिसते ती अशी. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही करू’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण करू’ म्हटलं की तो कामात सामील. हिब्रूत हा भेद नाही, तिथे नुसतं अनेकवचनी क्रियापद आहे. मराठी भाषांतरकाराला एक बाजू घ्यावीच लागली आणि त्यानं ‘आपण’ निवडलं. ज्याच्याशी बोलणं चाललंय तोही निर्मितीत आहे, असा अर्थ त्यातून आपोआप आला.

दिसत नाही ती अशी. सव्विसाव्या वचनात हिब्रूत प्रतिरूप अनेकांचं आहे, सत्ताविसाव्यात एकाचं. मराठीत दोन्हीकडे ‘आपल्या प्रतिरूपाचा’. आपला ‘आपल्या’ हा शब्द दोन्ही कामं करतो, त्यामुळे अनेकवचनातून एकवचनात मारलेली उडी कानावर पडतच नाही.

अर्थाबद्दल म्हणाल तर दुसऱ्या शतकापासून ख्रिस्ती लेखक इथे पिता पुत्राशी बोलतो असं वाचत आले, आणि पुढे त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवण सांगताना या वचनाचा आधार नेहमी घेतला गेला. ज्यू भाष्यकार आणि आजचे बरेच अभ्यासक म्हणतात, हा स्वर्गीय दरबार आहे, ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात दिसतो तसा. राजे स्वतःला ‘आम्ही’ म्हणवतात तशातला प्रकार असावा, हे मत मला कच्चं वाटतं; हिब्रू क्रियापदांत तशी पद्धत सहसा नाही. लेखकाच्या मनात दरबार असेल आणि मंडळीनं नंतर त्यात जास्त खोल वाचलं असेल, तरी पुढच्याच वचनात ‘निर्माण केला’ हे क्रियापद एकवचनीच आहे.

‘प्रतिरूप’ आणि ‘सदृश’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

दुसऱ्या शतकात लिऑनचा बिशप इरेनियस यानं वेगळ्या केल्या. प्रतिरूप जन्मतः मिळतं. सादृश्य पवित्र आत्म्याच्या संगतीत वाढत जातं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ही मांडणी आजही जिवंत आहे आणि ‘देवासारखं होत जाणं’ हा तिथे सगळ्या आध्यात्मिक जीवनाचा कणा आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी (ल्यूथर, कॅल्विन वगैरे) ती नाकारली : हिब्रूत एकच गोष्ट दोन शब्दांत सांगायची रीत आहे, त्याचे दोन सिद्धांत करू नका. व्याकरणात सुधारकांची बाजू बळकट. पण माणूस एकदाच घडून संपत नाही, हे इरेनियसचं म्हणणं मला सोडवत नाही.

माणसातली नेमकी कोणती गोष्ट म्हणजे प्रतिरूप? बुद्धी?

शतकानुशतकं उत्तर ‘बुद्धी’ असंच होतं. ऑगस्टीननं (३५४-४३०) माणसाच्या मनात त्रैक्याचा ठसा शोधला : स्मरण, आकलन आणि इच्छा, तीन, तरी मन एकच. थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यानंही प्रतिरूप बुद्धीच्याच ठिकाणी ठेवलं, कारण बुद्धीनंच माणूस देवाला ओळखू आणि त्याच्यावर प्रेम करू शकतो. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या धर्मपंडितानं रोख फिरवला. वचनात पुढे लगेच ‘नर व नारी’ आहे ना? मग प्रतिरूप एकट्या माणसाच्या आत नाही, ते मी-तूच्या नात्यात आहे. जुन्या कराराचे आजचे बरेच अभ्यासक तिसरं सांगतात : पुतळा-राजाची पार्श्वभूमी पाहता प्रतिरूप म्हणजे नेमणूक, देवाच्या वतीनं पृथ्वी सांभाळण्याची.

ऑगस्टीनचं मला भारी वाटायचं. पहिलाच शब्द स्मरण! मग ओळखीतल्या एका घरी जायला लागलो. तिथल्या आजींना स्वतःचं नावही आठवत नाही. त्यांची मुलगी सकाळी मागे बसून त्यांचे केस विंचरते, उरलेल्या चार केसांची वेणी घालते. त्या मान न वळवता विचारतात, ‘बाई, तुम्ही कोणाच्या?’ मुलगी म्हणते, ‘तुझीच गं.’ पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, त्याच आवाजात. स्मरण गेलं, आकलन गेलं, इच्छा तर त्या कंगव्याला डोकं देण्यापुरतीच उरली. प्रतिरूप जर या गुणांत मोजायचं तर इथे ते शिल्लक किती, असं विचारावं लागेल, आणि तान्ह्या बाळाबद्दलही विचारावं लागेल. ऑगस्टीन स्वतः म्हणाला असता की क्षमता झाकली गेली तरी आत्म्यात असते; त्याला मूर्ख ठरवायचं कारण नाही. पण मी आता वर्गात बुद्धीपासून सुरुवात करत नाही. उत्पत्तीत माणूस प्रतिरूप आहे ते देवानं तसं केलं म्हणून. माणसानं काही करून दाखवण्याच्या आधीच.

पाप झाल्यावर प्रतिरूप पुसलं गेलं का?

पूर्ण नाही. पतन, म्हणजे आदाम-हव्वेचं पहिलं पाप, तिसऱ्या अध्यायात होतं आणि ‘देवाच्या प्रतिरूपाचा’ हे खुनाविरुद्धचं कारण नवव्या अध्यायात दिलं जातं. पुसलंच असतं तर ते कारण लागू पडलं नसतं. त्याआधी पाचव्या अध्यायात आदामाला एकशेतिसाव्या वर्षी शेथ झाला, तो ‘त्याच्या’ प्रतिरूपाचा झाला असं म्हटलंय. म्हणजे वारसा चालू आहे, डागासकट.

डाग किती, यावर मात्र मतभेद आहेत. ल्यूथर प्रतिरूपाचा अर्थ मूळची धार्मिकता असा घेतो आणि म्हणतो, ती गमावली. कॅल्विन म्हणतो, नाश नाही झाला, पण जे उरलं ते भयंकर विद्रूप. कॅथलिक शिकवणीत प्रतिरूप जखमी आहे, हरवलेलं नाही. १९३४ मध्ये एमिल ब्रुनर आणि कार्ल बार्थ या दोन मित्रांत यावरून जोरदार वाजलं. ब्रुनरला बार्थनं दिलेल्या उत्तराचं शीर्षकच होतं ‘नाही!’

मला सगळ्यांत पटतो तो अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याचा, चौथ्या शतकातला दाखला. लाकडी फळीवर कोणाचं तरी चित्र रंगवलं होतं, त्यावर डाग पडून चेहरा ओळखू येईना. आता काय करायचं? फळी फेकायची नाही. ज्याचं चित्र आहे त्यानंच पुन्हा येऊन समोर बसायचं, म्हणजे त्याच लाकडावर ते परत रेखता येईल. देवाचा पुत्र माणूस का झाला, याचं उत्तर तो असं देतो.

येशूलाही देवाचं प्रतिरूप म्हणतात. मग आपण कोण?

कलस्सै १:१५ मध्ये ख्रिस्त हा ‘अदृश्य देवाचं प्रतिरूप’ आहे. उत्पत्तीत माणूस प्रतिरूपाचा ‘केला’ जातो. ख्रिस्ताबद्दल तो प्रतिरूप ‘आहे’ असं येतं. इब्री १:३ मधला ग्रीक शब्द तर ठशाचा, शिक्का उमटवल्यासारखा. म्हणून ख्रिस्ती लोक क्रम उलटा लावतात : आधी आदाम आणि मग त्याच्यासारखा येशू, असं नाही. खरा माणूस कसा असतो ते येशूकडे पाहून कळतं, आणि रोम ८:२९ प्रमाणे आपल्याला त्याच्याच प्रतिरूपात घडवलं जायचंय.

स्त्री पुरुषाइतकीच देवाच्या प्रतिरूपाची आहे का?

हो. उत्पत्ती १:२७ मध्ये ‘नर व नारी अशी ती निर्माण केली’ हे त्याच श्वासात आहे.

अडचण १ करिंथ ११:७ ची. तिथे पौल पुरुषाला देवाचं प्रतिरूप व वैभव म्हणतो आणि स्त्रीला पुरुषाचं वैभव. स्त्री देवाचं प्रतिरूप नाही, असं तो म्हणत नाही. चार वचनांनी तो स्वतःच दोघांना एकमेकांवाचून चालत नाही असं सांगतो. पण या ओळीनं फार नुकसान केलं, हे झाकण्यात अर्थ नाही. ऑगस्टीननंही तिचा मेळ घालताना असं लिहिलं की स्त्री पतीसह प्रतिरूप आहे, साहाय्यक म्हणून एकटी धरली तर नाही. मन मात्र दोघांचंही सारखंच प्रतिरूपाचं, असं तोच म्हणतो. पुढच्यांनी सोयीचा अर्धा भाग उचलला.

मग गुलामगिरी ख्रिस्ती लोकांनीच कशी चालवली?

चालवली, आणि शास्त्र हातात घेऊन चालवली. उत्पत्ती ९ मधल्या नोहाच्या शापाला ‘हामाचा शाप’ म्हणून आफ्रिकी लोकांवर लादलं. खरं तर मजकुरात शाप हामाला नाहीच, त्याच्या मुलाला, कनानला आहे. आणि सगळ्यांत बोचणारी गोष्ट म्हणजे ‘मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा’ हे वाक्य त्याच अध्यायात, थोडंसंच वर आहे. तिथून डोळे खाली नेताना ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

उलट बाजूला निस्साचा बिशप ग्रेगरी. साधारण ३८० च्या सुमारास उपदेशक २:७ वर, ‘मी दास-दासी विकत घेतल्या’ या ओळीवर, तो प्रवचन देत होता आणि थेट किमतीवर आला : देवाच्या प्रतिरूपाचा भाव किती लावलास? किती नाणी मोजलीस? सौद्याचा कागद आणि थोडे पैसे यांनी तू देवाच्या प्रतिरूपाचा मालक झालास असं तुला वाटतं? त्या काळात गुलामगिरीवर इतका सरळ हल्ला दुसरा सापडणं कठीण. दीड हजार वर्षांनंतर मार्टिन ल्यूथर किंगनं १९६५ च्या एका प्रवचनात देवाच्या प्रतिरूपात पायऱ्या नसतात असं सांगितलं, ते याच सुराचं.

‘सत्ता चालवा’ म्हटलंय, म्हणजे निसर्ग ओरबाडायची परवानगी?

१९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी पर्यावरणाच्या संकटाचं खापर याच वचनाच्या (उत्पत्ती १:२८) पाश्चात्त्य ख्रिस्ती वाचनावर फोडलं होतं. हिब्रू शब्द खरोखरच राजसत्तेचा आणि कडक आहे, तो मऊ करून सांगू नये. पण दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं जातं ते तिची मशागत व राखण करायला. २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी निरंकुश मालकी हा या वचनाचा अर्थ नव्हे, असं स्पष्ट लिहिलं.

उत्क्रांती मानली तर हे सगळं कोसळतं का?

उत्पत्तीचे सहा दिवस अक्षरशः घेणाऱ्या मंडळ्या ‘हो’ म्हणतील. कॅथलिक भूमिका तशी नाही : १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी शरीराच्या उगमाबाबत हा अभ्यास खुला ठेवला, आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो या अटीवर. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही आता नुसत्या गृहीतकाहून अधिक आहे असं म्हटलं. प्रतिरूप म्हणजे नेमणूक असेल, तर देह मातीतून किती वेळात आला यावर ते अवलंबून राहत नाही. मजकूरही ‘मातीतून’च म्हणतो.

ख्रिस्ती नसलेला माणूसही देवाच्या प्रतिरूपाचा आहे का?

आहे. उत्पत्तीत बाप्तिस्म्याची अट नाही. नोहाशी बोललेलं वाक्य तर सगळ्या मानवजातीला उद्देशून आहे.

मृत्युदंडाबद्दल ही शिकवण काय सांगते?

दोन्ही बाजू उत्पत्ती ९:६ च दाखवतात. एक म्हणते, प्रतिरूप मारणाऱ्याचं रक्त सांडावं असं तिथे लिहिलंय. दुसरी म्हणते, खुनीही त्याच प्रतिरूपाचा. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २०१८ मध्ये बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला, आणि कारण दिलं ते व्यक्तीच्या प्रतिष्ठेचं.

कैसराच्या नाण्याची गोष्ट यात का आणतात?

कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यावा का असं विचारल्यावर येशू नाणं मागवून विचारतो, ‘हा मुखवटा कोणाचा?’ आणि ग्रीकमध्ये त्या ‘मुखवट्या’ला जो शब्द आहे तोच उत्पत्तीच्या ग्रीक भाषांतरात ‘प्रतिरूपा’ला आहे. टर्टुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकानं हे लगेच हेरलं : नाण्यावर कैसराचा ठसा, ते कैसराला द्या, माणसावर देवाचा ठसा, तो देवाला द्या. ज्यू परंपरेतल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात, साधारण २०० च्या सुमारास, नाण्याचाच दुसरा विचार आहे : राजा एका साच्यातून नाणी पाडतो, ती सगळी एकसारखी, देव प्रत्येक माणूस आदामाच्या साच्यातून पाडतो आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.

देवदूतही प्रतिरूपाचे आहेत का?

अक्वायनसच्या मते बुद्धीचा हिशेब केला तर आपल्याहून जास्तच. शास्त्र तसं कुठे म्हणत नाही. आठव्या स्तोत्रात माणूस ‘देवापेक्षा किंचित कमी’ आहे. जुन्या ग्रीक भाषांतरकारांना ते फार वाटलं म्हणून की काय, त्यांनी तिथे ‘देवदूतांपेक्षा’ केलं. वर्गात हा प्रश्न आला की मी घड्याळाकडे बघतो.